ओवेच्किनचा करार आणि वयाचा हिशेब

संपादक महोदय,

उतारवयातील आइस हॉकीपटूशी दीर्घ करार करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे, हे आपल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन अलेक्झांडर ओवेच्किनच्या उदाहरणापुढे टिकत नाही. वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने 2021 मध्ये, तो 35 वर्षांचा असताना, त्याच्याशी 5 वर्षांचा करार केला. या कराराला गोलरक्षक रॉबर्टो लुआँगोच्या 12 वर्षांच्या कराराच्या पंक्तीस बसवणे चूक आहे, कारण 2013 च्या समझोत्याने (म्हणजे संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यातील सेवाशर्तींच्या कराराने) तेवढी मुदत बादच केली. पहिल्या 4 हंगामांत ओवेच्किनने 50, 42, 31 आणि 44 गोल केले, त्यांपैकी शेवटचे 44 पायाचे हाड मोडून 16 सामने हुकल्यावरही, आणि 6 एप्रिल 2025 रोजी 895 वा गोल करून वेन ग्रेट्झकीचा कारकिर्दीतील सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. त्याचा वेग मंदावला, हे मान्य. परंतु मैदानावरील डाव्या वर्तुळातून, आलेला पास न थांबवता हाणलेला त्याचा फटका पायांच्या वेगावर नव्हे, नजर आणि मनगटावर चालतो. वेतनमर्यादेत, म्हणजे खेळाडूंवरील एकूण खर्चाच्या कमाल बंधनात, त्याचे वार्षिक 95 लाख डॉलर अडकतात हे खरे असले, तरी तेवढ्याच रकमेत 4 हंगामांत 167 गोल देणारा तरुण खेळाडू कोणता, हे लेखात कुठेही सांगितलेले नाही.

आपला,
एक वाचक