पाचामुखी परमेश्वर, पण इतिहास नव्हे: पॉट्सव्हिल मरून्सचा १९२५ चा हंगाम

१/ अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या विजेत्यांची अधिकृत यादी उघडली, की १९२५ या वर्षासमोर ‘शिकागो कार्डिनल्स’ हे नाव दिसते. आजचा धागा या एका ओळीविषयी आहे. हा संघ त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या लढतीत स्वतःच्या शहरात हरला होता. त्याच्या मालकाने विजेतेपद नाकारले होते. आणि ज्या दोन सामन्यांच्या बळावर तो वर चढला, त्यांपैकी एकात प्रतिपक्षाकडून शाळकरी मुले खेळली होती. तरीही ती ओळ शंभर वर्षे तशीच उभी आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या हद्दीपलीकडे नेण्याचा हा धसमुसळा खेळ. १९२० साली ओहायोमधील कँटन गावी ही लीग जन्मली, तेव्हा खरी प्रतिष्ठा महाविद्यालयीन संघांची होती. पैसे घेऊन खेळणे हलके समजले जाई. १९२५ च्या हंगामात लीगमध्ये २० संघ होते आणि त्यांतले कित्येक लहानसहान औद्योगिक गावांचे होते.

३/ पॉट्सव्हिल हे त्यांपैकीच एक. पेनसिल्व्हेनिया राज्यातील अँथ्रासाइट, म्हणजे अत्यंत कठीण जातीच्या दगडी कोळशाच्या, पट्ट्यातले गाव. १ सप्टेंबर १९२५ रोजी या पट्ट्यातील सुमारे दीड लाख खाणकामगार संपावर गेले आणि तो संप फेब्रुवारी १९२६ पर्यंत चालला. पॉट्सव्हिलच्या संघाचा लीगमधील पहिला हंगाम संपूर्णपणे या संपाच्या काळात खेळला गेला, हे त्याची कथा सांगणारे बहुधा विसरतात.

४/ संघाचे मालक जॉन स्ट्रीगेल हे व्यवसायाने शल्यचिकित्सक, प्रशिक्षक डिक राउच. टोनी लॅटोन हा संघातील सर्वांत दणकट गडी. वडिलांच्या निधनानंतर तो पोरवयातच खाणीत कामाला लागला होता. चार्ली बेरी हा लाथ मारण्यात वाकबगार. पुढे तो बेसबॉलचा नामांकित पंच झाला. आदल्याच वर्षी हा संघ कोळसा पट्ट्यातल्या स्थानिक अँथ्रासाइट लीगमध्ये खेळत होता.

५/ त्या काळी पेनसिल्व्हेनियात रविवारच्या करमणुकीवर कायद्याने बंधने होती. फिलाडेल्फियाचा फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा संघ ती पाळून शनिवारी खेळे. पॉट्सव्हिल मात्र रविवारी खुशाल खेळे. त्यामुळे बाहेरचा संघ एकाच फेरीत शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी पॉट्सव्हिलशी खेळून जाई. दोघांचाही गल्ला भरे. हे शेजारी एकमेकांच्या सोयीचे होते आणि एकमेकांचे वैरीही.

६/ नोव्हेंबरच्या मध्यास फ्रँकफर्डने पॉट्सव्हिलला २०-० असे लोळवले. दोनच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर रोजी, पॉट्सव्हिलने त्याची परतफेड ४९-० अशी केली. पुढे ६ डिसेंबर रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर गाठ पडली ती कार्डिनल्सशी. कार्डिनल्सची नोंद तोवर ९ विजय, १ पराभव, १ बरोबरी अशी होती. पॉट्सव्हिलची ९ विजय, २ पराभव. पॉट्सव्हिलने सामना २१-७ असा जिंकला.

७/ इथे आपल्याच बाजूच्या मंडळींचे कान उपटणे भाग आहे. ‘त्या दिवशी पॉट्सव्हिल विजेता झाला आणि मग मुकुट हिसकावला गेला’ अशी दंतकथा आवडीने सांगितली जाते. ती खरी नाही. तेव्हा अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. बरोबरीचे सामने वगळून विजयांचे प्रमाण काढले जाई आणि हंगाम २० डिसेंबरपर्यंत खुला होता. ६ डिसेंबरच्या रात्री पॉट्सव्हिल अग्रस्थानी होता, विजेता नव्हे. खरी बाजू मांडायला दंतकथेची टेकू लागत नाही.

८/ खरी बाजू पुढच्या सहा दिवसांत दडलेली आहे. कार्डिनल्सचे मालक क्रिस ओब्रायन यांनी घाईने दोन जादा सामने ठरवले. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सवर ५९-० असा विजय. १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजवर १३-० असा. दोन्ही संघ दुबळे होते. या दोन विजयांनी कार्डिनल्सची नोंद ११ विजय, २ पराभव, १ बरोबरी अशी झाली आणि टक्केवारीत ते पुन्हा पॉट्सव्हिलच्या वर गेले.

९/ जादा सामने ठरवणे नियमबाह्य नव्हते. परंतु बॅजर्सकडे गडीच पुरेसे नव्हते. तेव्हा कार्डिनल्सचा खेळाडू आर्ट फोल्झ याने शिकागोच्या एंगलवुड हायस्कूलमधील चार विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे केले. एका संघाच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला माणसे पुरवावीत, तीही शाळकरी पोरे, आणि मग त्या संघाला जवळपास साठ गुणांनी हरवावे! याला सामना म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१०/ हे उघडकीस आले तेव्हा लीगचे अध्यक्ष जो कार यांनी शिक्षा केल्या. फोल्झवर आजन्म बंदी (ती पुढे उठवली गेली), ओब्रायन यांना १,००० डॉलर दंड, मिलवॉकीच्या मालकाला ५०० डॉलर दंड आणि संघ विकून टाकण्याचा हुकूम. म्हणजे गुन्हा घडला हे लीगने स्वतः मान्य केले. मात्र त्या गुन्ह्यातून निपजलेला विजय आजही कार्डिनल्सच्या ११ विजयांत मोजला जातो. हे वाक्य ध्यानात ठेवावे. सगळा वाद त्यावर तोललेला आहे.

११/ आता पॉट्सव्हिलकडे वळू. १२ डिसेंबर रोजी, म्हणजे कार्डिनल्स हॅमंडशी खेळत होते त्याच दिवशी, पॉट्सव्हिलचा संघ फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर नोटर डेम विद्यापीठाच्या माजी ताऱ्यांशी प्रदर्शनीय सामना खेळला. ‘फोर हॉर्समेन’ या नावाने देशभर गाजलेले चार खेळाडू समोर होते. शेवटाकडे बेरीने चेंडू उभ्या खांबांमधून धाडून तीन गुण मिळवले आणि पॉट्सव्हिल ९-७ असा जिंकला. धंदेवाईक खेळाडू महाविद्यालयीन ताऱ्यांना हरवू शकतात, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच पटले.

१२/ अडचण एकच: फिलाडेल्फिया हे लीगच्या नियमानुसार फ्रँकफर्डचे राखीव क्षेत्र होते आणि त्याच दिवशी फ्रँकफर्डचाही घरचा सामना होता. फ्रँकफर्डने तक्रार केली. कार यांनी पॉट्सव्हिलला आधीच बजावले होते. लीगच्या कचेरीतून दूरध्वनीवर तोंडी परवानगी मिळाली होती, असे पॉट्सव्हिलचे म्हणणे. कार यांनी ते अमान्य करून संघाला निलंबित केले.

१३/ पॉट्सव्हिल दोषी होता का? माझे उत्तर: होय. अध्यक्षांचा लेखी इशारा हाती असताना तोंडी परवानगीचा आधार घेणे हा शहाणपणा नव्हता. संपाने खाणी बंद पडलेल्या गावातल्या संघाला मोठ्या शहरातील तिकीटविक्रीचा मोह का पडला असेल, हे सहज समजते. पण मोह समजला म्हणून नियम मोडलेला जोडला जात नाही. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण इथे लावली जाते. तीही चुकीचीच, कारण पॉट्सव्हिल संन्यासी नव्हता.

१४/ प्रश्न निराळाच आहे. त्याच आठवड्यात लीगमध्ये दोन अपराध घडले. एकाने शेजाऱ्याच्या हद्दीत सामना भरवला; तो लीगच्या गुणतक्त्यातला नव्हताच, त्यामुळे एकाही निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. दुसऱ्याने बनावट प्रतिस्पर्धी उभा करून गुणतक्त्यातलाच सामना जिंकला. पहिल्याने मालकांच्या गल्ल्याला धक्का लावला, दुसऱ्याने खेळाच्या सचोटीला. पहिल्याला हंगामातून हद्दपार केले गेले. दुसऱ्याने दंड भरला, विजय राखला आणि अखेरीस नाव यादीत कोरून घेतले. लीगला काय अधिक मोलाचे वाटत होते, हे यापेक्षा स्वच्छ कोण सांगेल?

१५/ हवे तर पाटीवर आकडे मांडून पाहा. पॉट्सव्हिल: १० विजय, २ पराभव. कार्डिनल्सच्या नोंदीतून केवळ बॅजर्सचा सामना वजा करा, हॅमंडचा राहू द्या: १० विजय, २ पराभव. बरोबरी मोजायची नाही हा नियम लीगचाच. म्हणजे लीगच्याच नियमाने दोन्ही संघ तंतोतंत सारखे ठरतात. आणि समोरासमोरच्या लढतीत पॉट्सव्हिल २१-७ ने सरस. कार्डिनल्सचे अग्रस्थान चार शाळकरी मुलांच्या खांद्यांवर उभे आहे.

१६/ ‘पॉट्सव्हिल निलंबित होता, म्हणून कार्डिनल्स आपोआप विजेते’ हा ठरावीक युक्तिवाद. एकाला शिक्षा झाली म्हणून दुसरा निर्दोष ठरतो, हे कोणत्या न्यायशास्त्रात बसते? हे सर्वांआधी ओळखले ते खुद्द ओब्रायन यांनी. मैदानावर आपल्याला हरवणाऱ्या संघाच्या डोक्यावरून विजेतेपद घेणे त्यांना रुचले नाही. त्यांनी ते नाकारले. दोषी ठरलेल्या माणसाजवळ जी लाज होती, ती पुढे संस्थेजवळ उरली नाही.

१७/ निलंबनाचे गांभीर्यही पाहून घ्या. १९२६ साली रेड ग्रेंज या लोकप्रिय खेळाडूला पुढे करून प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. चांगले संघ तिकडे जातील ही भीती निर्माण होताच पॉट्सव्हिलला सन्मानाने परत घेण्यात आले. अपराध अक्षम्य होता तर वर्षाच्या आत क्षमा कशी? आणि क्षम्य होता तर १९२५ चा निवाडा अटळ कसा?

१८/ कार्डिनल्सची मालकी १९३० च्या दशकाच्या आरंभी बिडविल घराण्याकडे आली आणि ओब्रायन यांनी नाकारलेल्या विजेतेपदावर दावा सांगितला जाऊ लागला. कारण उघड आहे. आज ॲरिझोनात असलेल्या या संघाच्या नावावर लीगची विजेतेपदे दोनच: १९२५ आणि १९४७. पहिले खोडले तर शंभर वर्षांच्या संसारात एकच उरते.

१९/ पॉट्सव्हिलने दोनदा दाद मागितली. १९६३ साली मालकांनी १२ विरुद्ध २ मतांनी ती फेटाळली. २००३ साली राज्यपाल एड रेन्डेल यांनी रदबदली करूनही ३० विरुद्ध २ अशा मतांनी प्रकरण पुन्हा उघडायलाच नकार मिळाला. तीस आणि दोन मिळून बत्तीस, म्हणजे लीगचे सर्व संघ. त्यांत कार्डिनल्सही आले. वादीप्रतिवादींपैकी एक स्वतः न्यायासनावर बसला होता! बाजूने पडलेली दोन मतेही पेनसिल्व्हेनियातल्याच दोन संघांची. पुराव्याकडे पाहून मत दिले कोणी?

२०/ ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण गावकीच्या निवाड्याला शोभते. भूतकाळात काय घडले, हे मात्र हात वर करून ठरत नाही. ३० मतांनी २१-७ हा निकाल बदलत नाही आणि त्या चार मुलांची वयेही वाढत नाहीत. बहुमताने पुढचा नियम करता येतो. झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही.

२१/ कोणी म्हणेल, शिळ्या कढीला हा ऊत कशाला? ते खेळाडू गेले, संघही १९२८ नंतर बॉस्टनला गेला आणि लवकरच संपला. म्हणूनच. जिवंत संस्था आपली बाजू मांडायला वकील नेमते. मेलेल्या संघापाशी केवळ नोंद असते. ती नोंदही जिवंतांच्या सोयीने लिहिली जाणार असेल, तर ‘बळी तो कान पिळी’ हेच इतिहासलेखनाचे सूत्र ठरेल. ही सवय एका खेळाच्या यादीपुरती राहत नाही.

२२/ मागणी माफक आहे. विजेतेपद उचलून पॉट्सव्हिलच्या झोळीत टाका, असे मी म्हणत नाही. त्यांनी नियम मोडला होता. परंतु बॅजर्सचा सामना खोडा आणि १९२५ समोर दोन नावे लिहा. तेवढे धैर्य नसेल तर ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा प्रामाणिक असते.

२३/ पॉट्सव्हिलच्या खेळाडूंना लीगने चषक दिला नाही. त्यांनी आपल्या मातीतल्या अँथ्रासाइटमध्ये आपले सन्मानचिन्ह कोरून घेतले आणि ते कँटनच्या फुटबॉल संग्रहालयाला दिले. ज्या गावात लीग जन्मली, त्याच गावात तिच्या नोंदीविरुद्धची ही साक्ष जाऊन पोहोचली. ती कोळशाची आहे, हेही योग्यच.

लेखनसीमा.