एजंट पेरावा तसा उगवतो



कापूस विकून झाला, उसाच्या बिलाचा पहिला हप्ता खात्यात पडला, की गावात विमेवाल्यांच्या फेऱ्या वाढतात. मार्चअखेर जवळ आली की तर रोज एक फटफटी दारात उभी राहते. या मंडळींत दोन प्रकार असतात. एक म्हणतो, "पॉलिसी घ्या." त्याला काय सांगायचे ते प्रत्येक घराचे ठरलेले असते. दुसरा असतो विकास अधिकारी. तो पॉलिसी मागत नाही, माणूस मागतो. "तुमचा मुलगा पदवीधर आहे, सूनबाई दहावी झाल्या आहेत. त्यांना एजंट करू या," असे तो म्हणतो. आजचे बोलणे या दुसऱ्या मागणीविषयी आहे.

शेतीच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. पीकविमा पिकाला असतो, पीक काढणाऱ्याला नसतो. कर्ता माणूस गेला तर सोसायटीचे कर्ज, मुलांची शिक्षणे आणि उभे शेत हे सारे मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर पडते. त्या दिवशी कागद कामाला येईल की नाही, हे बरेचसे तो कागद कोणी लिहिला आणि पुढे कोणी सांभाळला यावर ठरते. म्हणून गावाला चांगला एजंट हवा. आणि चांगला एजंट बाजारात तयार मिळत नाही, त्याला निवडावे आणि वाढवावे लागते.

मार्चचा एजंट

आपल्याकडे बहुतेक एजंट होतात ते असे. विकास अधिकाऱ्याला वर्षाचा आकडा गाठायचा असतो. तो गोतावळा मोठा असलेला तरुण हेरतो. तरुण परीक्षा देतो, परवानगी मिळते, आणि पहिल्या दहा पॉलिसी मामा, काका, मेहुणा आणि वर्गमित्र यांच्या होतात. नाही कोणाला म्हणायचे? पोराचे बस्तान बसावे म्हणून प्रत्येक जण एक हप्ता भरतो. पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे असते, म्हणून तरुण खूश होतो. पुढच्या वर्षी नातेवाईक संपलेले असतात आणि परक्या घरात कसे बोलावे हे कोणी शिकवलेले नसते. मग तो चाकणला किंवा वाळूजला कंपनीत लागतो. पॉलिसी मात्र पोरक्या होतात.

माझ्या पाहण्यातले एक घर आहे. कर्त्या पुरुषाने भाच्याच्या शब्दाखातर पॉलिसी घेतली, पहिला वार्षिक हप्ता भरला. भाचा नोकरीला शहरात गेला. दुसऱ्या वर्षी हप्त्याची तारीख आली तेव्हा घरात सोयाबीनची काढणी चालू होती. आठवण करणारे कोणी नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात हृदयविकाराने तो माणूस गेला. बाईने ट्रंकेतून कागद काढून आणला. पॉलिसी केव्हाच बंद पडली होती, विम्याची रक्कम मिळाली नाही. भाचा वाईट नव्हता. त्याला कोणी एजंट म्हणून घडवलेच नव्हते.

बियाणे कसे निवडावे

बोलणाऱ्याची बोरे विकतात, असे आपण म्हणतो. म्हणून एजंट बोलका हवा असा समज आहे. तीस वर्षे बीजप्रक्रिया आणि माती परीक्षण लोकांच्या गळी उतरवताना माझ्या ध्यानात आले ते निराळेच. गाव ऐकते ते दुसऱ्यांदा येणाऱ्याचे. औषध सांगून गेलेला माणूस आठ दिवसांनी पीक पाहायला परत आला, तर तिसऱ्या वेळी लोक त्याला आपणहून बोलावतात.

तेव्हा विकास अधिकारी माणूस मागायला आला, तर घराने हे पाहावे. मुलगा किंवा सून हिशेबाची वही नीट ठेवते का? बचतगटाचे पैसे तिच्या हाती लोक निर्धास्त देतात का? दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ती पोटात ठेवते का? कारण एजंटाला आजार, कर्ज आणि भावाभावांतले वाद सारे कळते. "नाही" ऐकून घेऊन पुन्हा हसतमुखाने त्या दारात जाता येते का? हे गुण असले तर बोलणे शिकवता येते. नसले तर नुसत्या बोलण्याचा उपयोग नाही.

रोप कसे वाढवावे

परीक्षा पास होणे म्हणजे बी रुजणे. खरी जोपासना त्यानंतर. पहिले सहा महिने विकास अधिकाऱ्याने नव्या एजंटाबरोबर स्वतः घरोघर गेले पाहिजे, आणि निदान या गोष्टी शिकवल्या पाहिजेत.

पहिली, घरात पैसा केव्हा येतो ते विचारणे. दुधाचा पैसा नियमित येतो, त्या घराला महिन्याचा हप्ता झेपतो. कापूसवाल्याला वर्षाचा एकच हप्ता, तोही विक्रीच्या दिवसांत, सोयीचा. जूनमध्ये, बी-खताच्या दिवसांत हप्ता बांधणे म्हणजे पॉलिसी बंद पाडण्याची सोय करणे. तारीख चुकली तर महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलत असते, हेही घरातल्या बाईला सांगून ठेवावे. बंद पडलेली पॉलिसी बहुधा पाच वर्षांच्या आत थकबाकी व व्याज भरून पुन्हा चालू करता येते, पण माणूस हयात असेपर्यंतच.

दुसरी, फॉर्म खरा भरणे. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपुढे सरसकट "नाही" लिहिणारा एजंट पॉलिसी झटपट काढून देतो, पण पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर दडवलेली तीच माहिती दाव्याच्या आड येते.

तिसरी, नॉमिनीचे नाव. लग्नाआधीचे एक आणि आधारवरचे दुसरे, असा घोळ आपल्याकडे घरोघर असतो. तो पॉलिसी काढतानाच निस्तरावा.

चौथी, कमिशनातला वाटा परत न देणे. "पहिला हप्ता मी भरतो" किंवा "निम्मे परत देतो" या बोलीला विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने मनाई आहे. फुकट आलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी कोणी भरत नाही, हा अनुभवही आहेच.

बाईमाणसाची वाट

आयुर्विमा महामंडळाने ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथून 'विमा सखी' योजना सुरू केली. १८ ते ७० वयाच्या, दहावी झालेल्या स्त्रियांसाठी ती आहे. पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपयांपर्यंत भत्ता अटींवर मिळतो, कमिशन वेगळे. तीन वर्षांनी भत्ता थांबतो, आणि ही पगारी नोकरी नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. यातली एक अट मला मोलाची वाटते. दुसऱ्या वर्षाचा भत्ता हवा तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी निदान शेकडा ६५ दुसऱ्या वर्षी चालू असाव्या लागतात. म्हणजे पेरणी किती केली एवढे पाहून भागत नाही, उगवण मोजतात.

सूनबाईला यात पाठवायचे तर घरानेही आपला वाटा उचलावा. तिला तालुक्याला प्रशिक्षणाला जाऊ द्यावे. संध्याकाळी दोन घरे फिरून आली तर चूल कोणीतरी सांभाळावी. आणि पहिल्या दहा पॉलिसी नात्यातच करण्याचा आग्रह धरू नये. नात्यात दोन, परक्या घरांत आठ, असा हिशेब ठेवला तर दुसऱ्या वर्षी ती उभी राहते.

पारख

आता तुम्ही पॉलिसी घेणारे असाल तर समोरच्या एजंटाला चार प्रश्न विचारा. किती वर्षे हे काम करता? तीन वर्षांपूर्वी या गावात काढलेल्या पॉलिसींपैकी किती चालू आहेत? एखाद्या घराला दावा मिळवून दिला असेल तर त्या घरी मला न्याल का? आणि बँकेतली स्वस्त योजना मला लागू आहे का? १८ ते ५० वयापर्यंत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा विमा बँक किंवा पोस्टाच्या खात्यातून मिळतो, तर २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा वेगळा. यात एजंटाच्या पदरात फारसे काही पडत नाही. तरीही जो म्हणेल, "आधी ती घ्या, मग माझी पाहू," त्याला घरात चहा द्या. तो पुढच्या वर्षीही येईल.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती वाचून, नको असल्यास परत करता येते. तेवढ्या दिवसांत शिकलेल्या मुलाकडून ती वाचून घ्या, आणि हप्त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

विकास अधिकारी आपल्या दारी आला तर त्यालाही एकच विचारा: "मागच्या वर्षी तुम्ही केलेले एजंट आज कोठे आहेत?" उत्तर देताना तो नावे घेऊ लागला, तर मुलाला किंवा सुनेला त्याच्या हाती द्यायला हरकत नाही. नुसता आकडा सांगू लागला, तर सावकाश विचार करा. आंब्याचे कलमसुद्धा आपण रोपवाटिका पाहून घेतो. येथे तर घरातले माणूस द्यायचे आहे.