अंगठा झिजला बाईचा, दोष मात्र वयाला!

"वयाचं दुखणं आहे, चालायचंच." जालना जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईला दवाखान्यात मिळणारं हे निदान आता मला ऐकवत नाही. बचत गटांच्या बैठकीत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो असं सांगणाऱ्या बाया चाळिशी-पन्नाशीच्या असतात. लुगडं पिळवत नाही, खुरपं हातातून निसटतं. पदरात पडतं एक इंजेक्शन आणि चार गोळ्या.

जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. कपाशीच्या संकरित बियाण्यासाठी एकेका कळीतले पुंकेसर अंगठ्याच्या नखाने खुडायचे, दुसऱ्या सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हे क्रॉसिंगचं काम बायांचं, कारण म्हणे बायांचे हात नाजूक! चिमटीत १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. पाळी गेल्यावर हा सांधा झिजण्याचं प्रमाण बायांत पुरुषांपेक्षा जास्त. मग नुसत्या वयाचं नाव कशाला घेता?

यावर शस्त्रक्रिया आहे, हे किती जणींना सांगितलं जातं? सांध्यातलं झिजलेलं छोटं हाड काढून टाकतात. कृत्रिम सांधा लागतोच असं नाही. बहुतेकींचं दुखणं कमी होतं, अंगठा हलता राहतो; जोर यायला मात्र काही महिने जातात. दुसरा मार्ग सांधा कायमचा जोडून टाकण्याचा. त्यात पकड मजबूत राहते, पण तळहात सपाट पसरत नाही. रोज भाकरी थापणारीला हे आधी सांगायला नको? पायाच्या अंगठ्याचंही तसंच. सांधा जोडला की वेदना थांबते, चालता येतं, पण अंगठा वाकत नाही. मग उकिडवं बसून खुरपणी कशी करायची? झीज थोडी असतानाच वाढलेलं हाड तासलं तर वाकणं पुष्कळसं टिकतं. म्हणजे तपासणी वेळेत हवी, आणि "बाई, तू काम काय करतेस?" हे डॉक्टरांनी विचारायला हवं. (सकाळी दोन्ही हातांची बोटं सुजून आखडत असतील तर तो आमवात असू शकतो, तिथे आधी औषधं, आणि तीही लवकर.)

बायांच्या शरीरावर सुरी चालत नाही असं थोडंच आहे? शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढल्याचं २०१९ साली सरकारी समितीच्याच पाहणीत पुढे आलं. पिशवीमुळे कामाचे खाडे होतात ना! अंगठा दुखला तरी बाई दात-ओठ खाऊन राबतेच. २०१७ साली सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला, चांगलंच केलं. हाताकडे बघायला मात्र कुणाला सवड नाही.

शस्त्रक्रियेनंतर ४ ते ६ आठवडे हात बांधलेला. त्या दिवसांची मजुरी कोण देणार? धुणं-भांडी नवरा करणार का? याच धास्तीने बाया नको म्हणतात, आणि कागदावर शेरा पडतो : रुग्ण तयार नाही. शस्त्रक्रिया फुकट झाली तरी हा खर्च तिच्याच माथी. प्लॉटवर राबलेल्या बाईची या काळातली मजुरी बियाणं विकून नफा कमावणाऱ्यांनी द्यावी, अशी मागणी आपण का करू नये?

मैत्रिणींनो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत हातापायाच्या लहान सांध्यांच्या कोणत्या शस्त्रक्रिया आहेत, त्या जिल्ह्यात कुठे होतात, हे प्रत्येक गटाने आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावं. जिल्हा रुग्णालयात हात तपासणीचा वार ठरवून मागायचाय. निवेदन क्रॉसिंग सुरू होण्याआधी द्यायला हवं. नंतर सही करायला बाया घरी सापडायच्या नाहीत.