प्रमाणपत्र घेतलेली नर्स आणि शिकायला गेलेले न्यायमूर्ती

या आठवड्यात समुपदेशकांच्या एका कार्यशाळेचं पत्रक हाती पडलं. सकाळी जात, दुपारी धर्म, चहानंतर लैंगिकता आणि निघताना ‘सांस्कृतिक सक्षमते’चं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रांवरचा माझा राग वाचकांना नवा नाही. या वेळी त्यात भीतीही मिसळली आहे.

मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ साली या सक्षमतेऐवजी ‘सांस्कृतिक नम्रता’ मांडली, म्हणजे आपल्याला सगळं कळलेलं नाही हे मानून समोरच्याकडून शिकत राहणं. त्यांच्या लेखातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. शस्त्रक्रिया झालेली एक लॅटिनो बाई कळवळते आहे. लॅटिनो डॉक्टर नर्सला सांगतो, हिला फार दुखतंय. नर्स ते उडवून लावते. हे लोक दुखणं वाढवून दाखवतात, असं तिला अभ्यासक्रमात शिकवलेलं असतं. सांगणारा डॉक्टर त्याच समाजातला आहे, तरी शिकलेलं वरचढ ठरतं.

याच्या उलट उदाहरणासाठी आता मद्रास उच्च न्यायालयात या. साल २०२१. मदुराईहून घर सोडून आलेल्या, एकमेकींसोबत राहू इच्छिणाऱ्या दोन तरुणी संरक्षण मागतात. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश आदेशातच नमूद करतात की हा विषय आपल्याला नीट कळलेला नाही, आणि मानसशास्त्रज्ञाकडे शिकायला जातात. कायद्याची पुस्तकं उघडून निकाल देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. शिवाय, शिकवण्याचं सगळं ओझं त्यांनी त्या दोघींवर टाकलं नाही. ७ जूनच्या आदेशात त्यांनी लैंगिकता ‘बरी’ करण्याच्या उपचारांना मनाई केली. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना जे जमलं, ते आमच्या थेरपिस्टांना का जमू नये?

एका वाचक मुलीने कळवलंय. वसतिगृहात आडनाव कळल्यावर मैत्रिणींनी तिला डब्यात हात घालू देणं बंद केलं. हे सांगितल्यावर थेरपिस्टबाई म्हणाल्या, ‘‘तू फार मनाला लावून घेतेस गं.’’ मग उरलेला वेळ या मुलीने त्यांना आरक्षण समजावण्यात घालवला. फी मात्र पूर्ण भरली. त्या बाईंच्या भिंतीवर प्रमाणपत्रं असणार, याची मला खात्री आहे. पुरावा नाही, पण खात्री आहे.

वैद्यक आयोगाचा तो नियमही डॉक्टरांपुरता. समुपदेशकांचा मोठा वर्ग त्याच्या बाहेर आहे. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: माझ्यासारख्या माणसांसोबत काम केलंय का? अडलात तर कोणाला विचारता? सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन, कोणाकडे घेता? या प्रश्नांनी ज्यांना राग येईल, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.