जाणीव कोणाची, भुर्दंड कोणाला?

दरवर्षी ५ जून उजाडला की पर्यावरणदिनाच्या सभांतून एक उपदेश हटकून ऐकू येतो : लोकांत पर्यावरणाची जाणीव निर्माण झाली म्हणजे ते आपोआप बसकडे वळतील. उपदेश करणारे बहुधा मोटारीने येतात व मोटारीने परततात. परंतु प्रश्न वैयक्तिक दांभिकतेचा नाही, विचारसरणीचा आहे.

गोवंडीची घरकामगार स्त्री बसच्या रांगेत उभी राहते ती पृथ्वीच्या तापमानाची चिंता वाहत नव्हे. तिला दुसरे काही परवडत नाही म्हणून. उलट, ज्यांना हवामानबदलाची आकडेवारी मुखोद्गत आहे, त्यांच्याच दारी मोटारी उभ्या असतात. म्हणजे प्रवासाचे साधन जाणीव ठरवीत नाही. ते मिळकत आणि उपलब्ध सेवा ठरवितात.

आणि शासनाचे धोरण? ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये, वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपये झाले. जो कमी धूर सोडतो त्याला भुर्दंड आणि जो अधिक सोडतो त्याला माफी, असा हा न्याय!

बेस्ट तोट्यात आहे, असे यावर सांगितले जाते. मग सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या सागरी किनारा मार्गाला नफ्याचा हिशेब कोणी विचारला? त्यावर तर टोलही नाही. मोटारींसाठी होतो तो खर्च 'विकास' आणि बससाठी होतो तो 'तोटा', ही परिभाषा अर्थशास्त्राची नव्हे, वर्गहिताची आहे. एके काळी चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आला, तो या परिभाषेमुळेच.

जून २०२३ मध्ये कर्नाटकाने स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला. व्याख्यानमाला न भरविता बसगाड्या स्त्रियांनी भरून गेल्या.

तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रबोधनाच्या फलकांत शक्ती दवडू नये. भाडेवाढ रद्द करा, बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वाढवा, बससाठी रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका राखा आणि हा खर्च मोटारींवरील करातून काढा, या मागण्या घेऊन प्रत्येक बसथांब्यावर उभे राहावे. बस वेळेवर आली म्हणजे जाणीव तिच्या मागोमाग येईल.