ओसरीवरच्या गोष्टी : अश्वत्थाम्याची मुदत

आमच्या घरीं वाढदिवस म्हटला कीं, केक येवो वा न येवो, सकाळचें औक्षण, तीळ व गूळ घातलेलें दूध आणि सात चिरंजीवांचें स्मरण हीं तीन कामें चुकत नाहींत. गेल्या महिन्यांत माझ्या नातीला अकरावें वर्ष लागलें. मीं नेहमींप्रमाणें नांवें म्हटलीं : अश्वत्थामा, बलि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. मुलीनें दुधाची वाटी ओठांशीं नेली आणि तशीच खालीं ठेवली. "आजोबा, ह्या सातांत अश्वत्थामा कसा? त्यानें तर द्रौपदीचीं निजलेलीं मुलें मारलीं ना? मग माझ्या वाढदिवशीं त्याचें नांव पहिलें कां?"

प्रश्न सरळ होता. पण ओसरीवर जमलेल्या मंडळींनीं त्याला सरळ राहूं दिलें नाहीं. पुण्याहून सुट्टीवर आलेला पुतण्या म्हणाला, "काका, अश्वत्थामा मेलेलाच नाहीं. २०२४ सालच्या 'कल्की' चित्रपटांत अमिताभ बच्चन ह्यांनीं तोच उभा केला आहे. कलियुगाच्या अखेरीपर्यंत तो हिंडत राहणार." माझे धाकटे बंधु म्हणाले, "त्याला चित्रपट कशाला हवा? आपल्या मोताळ्याहून मलकापूर, मुक्ताईनगर, बुऱ्हाणपूर असें गेलें कीं पुढें अशीरगड. तेथल्या किल्ल्यांतील महादेवाच्या पिंडीवर पहांटे ताजें फूल असतें म्हणतात. तें कोण वाहतो?" भावजयीनें तिच्या माहेरची आठवण काढली. तिकडे नर्मदेची परिक्रमा करून आलेल्या एक आजी सांगत कीं, कपाळाला फडकें गुंडाळलेला एक उंच पुरुष दारांत येऊन जखमेसाठीं तेल मागतो. दुपारचीं पानें मांडेपर्यंत अश्वत्थाम्याची उंची, वय, राहण्याचें ठिकाण सर्व ठरलें. मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र राहून गेलें.

अशा तर्कवितर्कांना मी रिकामटेकडेपणा म्हणत नाहीं. महाभारताएवढ्या कथेंत पात्रें शेंकड्यांनीं असतात. कवि कांहींचा शेवट सांगतो आणि कांहींना वाटेंत सोडून पुढें जातो. श्रोत्याला तें सोडलेलें पात्र चैन पडूं देत नाहीं. पुतण्यानें सांगितलें कीं, इंग्रजी वाचकांतहि हेंच चालतें. टॉल्किन नांवाच्या ग्रंथकारानें एक मोठें काल्पनिक पुराण रचलें; त्यांतील 'सिल्मरिलियन' हा भाग त्याच्या मृत्यूनंतर १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मॅग्लॉर नांवाचा एक वीर आहे. रत्नांसाठीं घेतलेल्या शपथेपायीं त्याच्या हातून आप्तांचा रक्तपात होतो. शेवटीं मिळालेलें रत्न हात भाजूं लागतें, म्हणून तो तें समुद्रांत फेंकतो आणि पश्चात्तापाचीं गाणीं गात किनाऱ्यानें भटकत राहतो. पुढें त्याचें काय झालें, हें ग्रंथांत नाहीं; म्हणून वाचक अद्याप वाद घालतात कीं, तो मेला कीं अजून हिंडतो आहे. रत्न, रक्तपात आणि भटकंती! आमच्या ओसरीवरचा आणि त्या साता समुद्रांपलीकडला वाद किती जवळचा आहे पाहा.

परंतु मास्तरकीच्या खोडीप्रमाणें माझा एक हट्ट असतो : तर्क करावा, पण आधीं पोथी उघडावी. दुसऱ्या दिवशीं मीं कपाटांतून सौप्तिकपर्व काढलें आणि सर्वांना घेऊन बसलों.

दुर्योधनाची मांडी मोडल्यावर त्या रात्रीं अश्वत्थामा, कृप व कृतवर्मा एका वडाखालीं थांबतात. झाडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड येऊन मारतें, तें पाहून अश्वत्थाम्याला वाट सुचते. तो पांडवांच्या शिबिरांत शिरून धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पांच पुत्र ह्यांना ठार करतो. पाठलाग होतो. गंगेच्या तीरावर तो गवताच्या काडीवर भयंकर अस्त्र योजतो आणि तें परत घेतां येत नाहीं म्हणून पांडवस्त्रियांच्या गर्भांवर सोडतो. तेव्हां कृष्ण त्याला शाप देतो. त्या शापांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली ही कीं, पुवाच्या व रक्ताच्या दुर्गंधानें वेढलेला असा तूं निर्जन अरण्यांतून एकटा भटकशील आणि कोणाशींहि तुझें संभाषण घडणार नाहीं. दुसरी ही कीं, हें तीन हजार वर्षें चालेल.

"तीन हजार? कायमचें नाहीं?" पुतण्यानें विचारलें. कायमचें नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरचीं हस्तलिखितें ताडून जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तींतहि ही मुदत कायम आहे. 'चिर' ह्या शब्दाचा अर्थच मुळीं 'दीर्घ काळ' असा आहे. 'सर्वकाळ' असा नाहीं.

मग आम्हीं पाटीवर गणित मांडलें. आपल्या पंचांगांच्या परंपरेप्रमाणें कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ मध्यें झाला. कृष्णाचें निर्याण युद्धानंतर ३६ वर्षांनीं झालें आणि तेव्हांच कलि शिरला, असें मानतात. म्हणजे युद्ध इ. स. पू. ३१३८ मधलें. त्यांतून तीन हजार वर्षें वजा केलीं कीं, इ. स. पू. १३८ येतें. ह्या हिशेबानें अश्वत्थाम्याची सुटका होऊन एकवीस शतकें उलटलीं! पुतण्या हरणाऱ्यांतला नव्हे. तो म्हणाला, "पण कित्येक संशोधक युद्धाचा काळ इ. स. पू. १००० च्या आसपास धरतात." ठीक आहे, त्या हिशेबानें मुदत आमच्याच हयातींत, एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर संपते. कोणतेंहि गणित घ्या, बेरीज-वजाबाकी करून उत्तर 'अनंत' येत नाहीं.

मग कपाळावरची ती जखम? महाभारतांत तीहि नाहीं. तेथें अश्वत्थामा मस्तकावरचा मणि स्वतः काढून देतो. पुत्रशोकानें प्रायोपवेशनास बसलेली द्रौपदी तो मणि पाहून उठते आणि युधिष्ठिर तो मस्तकीं धारण करतो. मणि कापून काढल्याची कथा भागवताच्या पहिल्या स्कंधांतली आहे. तेथें अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढें आणतो आणि द्रौपदीच म्हणते कीं, ह्याला सोडा. मी रडतें तशी ह्याची आई रडूं नये. मग अर्जुन तलवारीनें केसांसकट मणि उतरवून त्याला शिबिराबाहेर घालवितो. त्या प्रसंगीं भागवतांत तीन हजार वर्षांचा शाप नाहीं.

येथें मी थोडा थांबलों, कारण मलाहि इतक्या वर्षांत हें असें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें सुचलें नव्हतें. लोकांनीं भागवतांतून जखम घेतली आणि महाभारतांतून शाप घेतला. भागवतांतली द्रौपदीची दया तेवढी मागें राहिली आणि महाभारतांतली मुदत गळून पडली. एका ग्रंथानें सोडून दिलें, दुसऱ्यानें ठराविक शिक्षा दिली. आपण श्रोत्यांनीं मात्र दोहोंतलें कठोर तेवढें वेंचून त्या माणसाला जन्मठेपेहून मोठी शिक्षा ठोठावली. कवीनें उघडें ठेवलेलें दार श्रोत्यांनीं लावून घेतलें, असा हा प्रकार आहे.

तरीहि लोकांचा हा सर्व तर्क निर्दय आहे, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. माझ्या भावजयीनें एक गोष्ट दाखवून दिली, ती पोथी वाचणाऱ्या माझ्या नजरेंतून सुटली होती. ती म्हणाली, "दादा, शापांत तर कोणाशीं बोलायचें नाहीं असें आहे. मग तो तेल मागतो कसा?" खरेंच! ज्या क्षणीं तो दारांत उभा राहून तेल मागतो, त्या क्षणीं शाप मोडतो. ज्या कोणा बाईनें ही गोष्ट प्रथम सांगितली असेल, तिनें कृष्णानें नाकारलेलें तेवढेंच नेमकें त्याला दिलें : बोलायला एक माणूस आणि वाटीभर तेल. नंदुरबार जिल्ह्यांत, धडगांवच्या बाजूस, सातपुड्याच्या उंच शिखरावर अस्तंबा ऋषीचें स्थान आहे. हा अस्तंबा म्हणजेच अश्वत्थामा. दिवाळीच्या दिवसांत हजारों आदिवासी बांधव डोंगर चढून त्याच्या दर्शनाला जातात. ज्याला अरण्यांत एकटें राहण्याचा शाप, त्याच्याकडे वर्षाकांठीं सबंध गर्दी चालून जाते. ह्या भाविकांनीं सौप्तिकपर्व वाचलेलें असो वा नसो, मुदत संपलेल्या माणसाला कसें भेटावें, हें त्यांना आमच्यापेक्षां अधिक चांगलें कळतें.

आणि मुलीच्या प्रश्नाचें उत्तरहि ह्याच वाटेवर आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत पुढील मन्वंतराचे, म्हणजे सावर्णि मनूच्या काळाचे, जे सप्तर्षि सांगितले आहेत, त्यांत व्यास, परशुराम, कृप ह्यांच्याबरोबर द्रोणपुत्र अश्वत्थामाहि आहे. महाभारतांत शाप मिळाल्यावर तो व्यासांना म्हणतोच कीं, आपणांसह मी मनुष्यांत राहीन. ज्यानें निजलेलीं मुलें मारलीं, तो पुढें ऋषींच्या पंक्तीला बसणार, असें आपल्या पूर्वजांनीं ठरविलें. मीं नातीला सांगितलें, "बाळ, हीं सात नांवें सात सज्जनांचीं नव्हेत, दीर्घ काळ जगणाऱ्यांचीं आहेत. त्यांतल्या एकाला सुधारण्यासाठींच इतका काळ लागला." तिनें विचार केला आणि म्हणाली, "मग शिक्षा संपल्याचें त्याला कोणी सांगितलें असेल का?"

हा प्रश्न ऐकून मी गप्प बसलों. त्याचें कारण आज येथें लिहिणें मला प्राप्त आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, माझ्या वर्गांतील एका मुलानें दुसऱ्याची कंपासपेटी घेतली. पेटी त्याच्या पिशवींत सांपडली. मीं त्याला आठ दिवस प्रार्थनेच्या वेळीं सर्वांसमोर वेगळें उभें केलें. नवव्या दिवशीं मीं त्याला रांगेंत परत घेतलें, पण मुकाट्यानें. आतां हें संपलें, असें वर्गाला मोठ्यानें सांगितलें नाहीं. मुलांनीं त्याला जें नांव ठेवलें होतें, तें मीं ऐकलें आणि न ऐकल्यासारखें केलें. तो मुलगा आज पन्नाशीला आला आहे आणि विजेचीं कामें करतो. त्याच्या हाताखालीं दोन माणसें आहेत. त्याच्याविरुद्ध कोणाची कधीं तक्रार नाहीं.

वाढदिवस झाला त्याच आठवड्यांत आमच्या जुन्या घराच्या विजेच्या तारा बदलण्याचें निघालें. मीं त्याचें नांव सुचविलें. बंधु हलक्या आवाजांत म्हणाले, "दादा, आठ दिवस तो घरभर वावरणार. त्याची लहानपणची गोष्ट तुम्हांलाच ठाऊक आहे." बंधूंच्या मनांत वांकडें कांहीं नव्हतें, गांवांत जें ऐकलें तेंच ते बोलले. मी म्हणालों, "ती शिक्षा मीं दिली होती. ती आठ दिवसांची होती, आणि चाळीस वर्षांपूर्वींच संपली."

तो आला. काम चोख झालें. शेवटच्या दिवशीं सूनबाईनें त्याला ओसरीवर बसवून चहा दिला. तेव्हां मीं तेंच वाक्य त्याच्यासमोर उच्चारलें. उरलेली तार गुंडाळतां गुंडाळतां तो म्हणाला, "गुरुजी, हें तुम्ही तेव्हां वर्गांत बोलला असतां, तर बरें झालें असतें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. मला त्यावर उत्तर सुचलें नाहीं, आणि अद्यापहि सुचलेलें नाहीं.

वाचकहो, अश्वत्थामा अशीरगडावर येतो कीं नाहीं, ह्याचा वाद आपण खुशाल घालावा. मुलें त्या निमित्तानें पोथी उघडतात, हा लाभ थोडा नव्हे. परंतु वाद घालतांना शिक्षेची मुदत विसरूं नये. प्रत्येक गोतांत, प्रत्येक गांवांत एखादी सून, एखादा भाचा, एखादा जुना नोकर असतो, ज्याची एकच चूक पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शिक्षा कोणी दिली, किती दिवसांची दिली आणि ती केव्हां संपली, हें एकदां पाहावें. आणि संपली असेल तर, ज्याला सांगावयाचें त्याला आणि घरांतल्या सर्वांना, तें मोठ्यानें सांगावें. मला त्याला चाळीस वर्षें लागलीं.