पाण्याखालच्या पहाऱ्यालाही वीज हवी

उरणच्या मोरा बंदरातून उत्तरेला घारापुरी बेट दिसतं. तिथल्या लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या गावांत कायमची वीज यायला फेब्रुवारी 2018 उजाडला. त्यासाठी महावितरणने समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटरची 22 केव्ही केबल टाकली. बेटावरच्या माणसांसाठी हा खर्च झाला, हे योग्यच. आता याच पाण्यावर नजर ठेवणाऱ्या उपकरणांच्या विजेचाही विचार व्हायला हवा.

अशा पहाऱ्याची गरज या किनाऱ्याने अनुभवली आहे. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी आदळली. तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले आणि मासेमारी थांबली. जानेवारी 2011 मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी ओएनजीसीची तेलवाहिनी गळली. अशा वेळी पहिला फटका कोळीवाड्याला बसतो.

गढूळपणा, क्षार, प्राणवायू आणि प्रवाह मोजणारी यंत्रं जगात आहेत. अडचण बॅटरीची आहे. ती बदलायला दरवेळी होडी आणि पाणबुड्या लागतो. पाण्याखाली चालणारे प्लग मिळतात, पण ते महागडे असतात आणि त्यांच्या पिना खाऱ्या पाण्यात गंजतात. गाळ आणि शेवाळ तर पाठ सोडत नाहीत.

यावरचा मार्ग मायकेल फॅरडेच्या 1831 च्या शोधात आहे. एका कॉइलमधून बदलता प्रवाह सोडला की जवळच्या दुसऱ्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मोबाइल पॅडवर ठेवून चार्ज होतो, तो असाच. दोन्ही कॉइल प्लॅस्टिकमध्ये बंद राहत असल्याने पाण्याला धातू शिवतच नाही.

मात्र खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. कॉइलभोवतीच्या पाण्यात भोवरे-प्रवाह फिरतात आणि ऊर्जा उष्णतेत वाया जाते. वारंवारता आणि अंतर वाढलं की नुकसानही वाढतं, म्हणून फट काही सेंटिमीटरचीच ठेवावी लागते. धक्क्यावरून भर खाडीतल्या यंत्राकडे बिनतारी वीज फेकता येणार नाही. केबलने तळावरच्या स्थानकापर्यंत वीज न्यायची आणि यंत्राने तिथे येऊन चार्ज व्हायचं, हीच व्यवहार्य रचना आहे. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने ब्लू लॉजिकसोबत समुद्रतळावरच्या यंत्रमानवांसाठी अशी स्थानकं विकसित केली आहेत.

आपल्याकडेही पाया तयार आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे स्वयंचलित पाणयान बनवलं. केंद्राने 2021 मध्ये 4,077 कोटींच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. त्यातली ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी तिघांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी आहे. खोल समुद्राचा ध्यास मोलाचाच, पण लाखो लोकांचं जगणं ज्या उथळ खाडीवर चालतं, तिच्याकडेही तेवढंच लक्ष हवं.

मोऱ्यात ओहोटीला गाळामुळे लाँच बंद राहतात, मग यंत्रांवर पैसा कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. गाळ कुठून येतो, कधी साचतो, कुठे उपसावा, हे सतत मोजल्याशिवाय उपशावरचा पैसा नेमका लागत नाही. लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला रोज जाणाऱ्या प्रवाशाचाही त्यात फायदा आहे.

जेएनपीए, ओएनजीसी, मेरीटाईम बोर्ड आणि आयआयटी मुंबई यांनी एकत्र येऊन उरणच्या किनाऱ्याजवळ असं एक चार्जिंग स्थानक प्रायोगिक म्हणून उभारावं. डोल जाळी कुठे लागतात आणि नांगर कुठे पडतात, हे कोळ्यांना विचारूनच जागा ठरवावी. आणि मिळणारी मोजमापं फायलीत न ठेवता त्याच दिवशी मराठीत त्यांच्या मोबाइलवर पोहोचवावीत.